चष्म्याच्या डबीतले स्क्रू

ताई,
मी ऐरोलीला राहते, वय ३६, महापेला एका कंपनीत बिलिंगला आहे. माहेर कळव्याचं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून रोज रात्री मुलगा झोपला की फोनच्या नोट्समध्ये मनात जे असेल ते लिहिते. चारशेच्या वर नोट्स झाल्यात. लिहिलं की बरं वाटतं हे खरं, पण मला कथा लिहायच्यात, दिवाळी अंकात एक तरी यावी ही कॉलेजपासूनची इच्छा आहे आणि लेखकांना डायरीतूनच मटेरियल मिळतं असं मी कुठेतरी ऐकलेलं. म्हणून गेल्या महिन्यात सगळ्या नोट्स वाचायला बसले तर जिथे बघावं तिथे तेच. एकटं वाटलं, राग आला, रडू आलं, कोणाला काही पडलेलं नाही. स्वतःचाच कंटाळा आला. तरी दोन कथा लिहिल्या, ट्रेनमधल्या मैत्रिणीला दिल्या, ती म्हणाली ही कथा नाहीये गं, तक्रार आहे. खूप लागलं. शिवाय अर्ध्या नोट्स दादा-वहिनीबद्दल आहेत, त्यांनी कधी वाचल्या तर माहेर तुटेल. मग हे लिहिणं बंद करू का? की आधी एखादा लेखनाचा क्लास लावू? नमुन्याला तीन नोट्स पाठवतेय, उत्तरात छापल्या तरी चालतील, फक्त हसू नका.
— ऐरोलीहून एक

अगं, हसले अजिबात नाही. उलट तुझी तिसरी नोट वाचता वाचता माझा चहा गार झाला. तिच्याकडे येतेच, पण आधी तुझ्या मैत्रिणीचा निकाल लावू.

कथा तू मला पाठवल्या नाहीस, त्यामुळे त्या तक्रारी आहेत की नाहीत हे मला सांगता येणार नाही. पण डायरी ही तक्रारच असते गं, तिथे नाही करायची तर कुठे करायची, नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच उपाय सांगायला लागतो आणि आईला सांगितलं तर तिचं बीपी वाढतं. डायरीत तक्रार असण्यात काहीच वावगं नाही. मला वाटतं घोटाळा पुढे झालाय, तू ती तक्रार उचललीस आणि तशीच्या तशी कथेत नेऊन ठेवलीस, म्हणजे बाजारातून मेथीची जुडी आणली आणि न निवडता, न धुता, दोऱ्यासकट कढईत टाकली. मैत्रिणीच्या दाताखाली दोरा आला. एवढंच झालंय.

आता नोट्स. पहिली: ‘आज खूप एकटं वाटलं. कोणालाच काही पडलेलं नाही. मीच का सगळ्यांचं करायचं.’ दुसरी: ‘दिवसभर उदास. का ते कळत नाही. बाबांची आठवण.’ आणि तिसरी: ‘कळव्याला गेलेले. बाबांच्या चष्म्याची डबी दादाने स्क्रू ठेवायला घेतलीये. राग आला, बोलले नाही काही. वहिनीने भरीत केलं होतं मला आवडतं म्हणून, घशाखाली उतरेना.’

पहिल्या दोन नोट्स मी माझ्या १९९० सालच्या वहीत चिकटवल्या असत्या तरी कोणाला फरक कळला नसता. मी तेव्हा हेच लिहित होते, शब्द न् शब्द हाच. तिसरी नोट मात्र तुझ्याशिवाय कोणी लिहूच शकत नाही, आणि गंमत म्हणजे तू पत्रात तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीयेस, तुला बहुतेक ती किरकोळ वाटली, मोठं दुःख पहिल्या दोन नोट्समध्ये आहे असं वाटलं. उलटं आहे गं. सगळा ऐवज त्या डबीत आहे.

बघ, आपल्या मराठीत एक मजा आहे. आपण राग करतो असं क्वचित म्हणतो, राग येतो म्हणतो. रडू येतं, आठवण येते, कंटाळा येतो, दया येते, कीव येते. सगळ्या भावना पाहुण्यासारख्या बाहेरून येतात. आता पाहुणा आला म्हटल्यावर आपण काय विचारतो, कुठून आला, कितीच्या गाडीने आला, कुठे बसला, चहा घेतला की नाही, जाताना काय बोलला. तू फक्त ‘आला’ एवढंच लिहून नोट बंद करतेस. राग आला. कुठे होतीस तेव्हा? हातात काय होतं? पंखा चालू होता का? दादा त्या वेळी काय करत होता, दुरुस्ती कसली चालली होती, स्क्रू पडल्याचा आवाज झाला का त्या डबीत? आणि तुझ्या अंगात तो राग कुठे जाऊन बसला? आपल्याकडे तयार शब्द भरपूर आहेत, पोटात गोळा, काळजात धस्स, तळपायाची आग मस्तकात, पण ते इतके वापरून झालेत की त्यांच्याखाली तुझं स्वतःचं शरीर दिसत नाही. तू लिहिलंयस की भरीत घशाखाली उतरेना. ते खरं आहे, तो घास तुझा आहे. तळपायाची आग लिहिली असतीस तर मी वाचून पुढे गेले असते.

माझंच सांगते. माझ्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून एका छोट्या वहीत लिहित होते, दूधवाल्याच्या हिशोबाची वही होती, अर्धी कोरी. रोज रात्री काळजी वाटते, भीती वाटते, देव आहे का. नऊ वर्षांनी कपाट आवरताना ती वही सापडली आणि मी वाचायला लागले तर इतकं सपाट की मला स्वतःलाच काही वाटेना, आणि मग एका पानाच्या तळाशी, दूध दीड लिटर असं लिहिलेल्याच्या वर, एक ओळ होती: शेजारच्या बेडच्या काकूंनी डबा सरकवला, बटाट्याची भाजी, मोहरी जळलेली. बस. त्या एका ओळीने अख्खा वॉर्ड परत आला. फिनाईलचा वास, त्या काकूंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या, त्यांचा मुलगा जो दिवसभर फोनवर बोलत उभा असायचा, आणि ती माझी भीती, जी ‘भीती वाटते’ या शब्दांतून नऊ वर्षांत एकदाही परत आली नव्हती ती जळक्या मोहरीतून आली. मी त्यावर कथा लिहिली. तिच्यात ऑपरेशन नाहीच. दोन बायका आहेत आणि एक डबा.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर असं की बंद करू नकोस, फक्त रोजच्या नोटमध्ये भावनेसोबत एक वस्तू किंवा एक वाक्य ठेव. वस्तू म्हणजे डोळ्यासमोर असलेली कुठलीही, प्रतीक वगैरे शोधायला जाऊ नकोस हां, ते एकदा शोधायला लागलं की माणूस कामातून जातो, प्रत्येक नोटमध्ये पाऊस आणि पणती यायला लागते. आणि वाक्य म्हणजे कोणीतरी खरोखर बोललेलं, जसंच्या तसं, त्यातल्या चुकांसकट. ‘दादा मला टाकून बोलला’ असं नको, नेमका काय बोलला ते.

आणि हे नुसतं माझं घरगुती शहाणपण नाहीये. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत एक प्रयोग केला, कॉलेजच्या मुलामुलींना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना अगदी साधे विषय दिले, बाकीच्यांना सांगितलं आयुष्यातलं सगळ्यात दुखरं काय ते लिहा. या दुखरं लिहिणाऱ्यांमध्ये परत तीन गट, एकाने फक्त भावना लिहायच्या, एकाने फक्त घडलेलं, आणि एकाने दोन्ही, काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं. पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी राहिलं ते या तिसऱ्या गटाचं. फक्त भावना ओतणाऱ्यांचं तसं झालं नाही. आणि दुखरं लिहून उठल्या उठल्या तर त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं, बरं नाही. पुढे असे खूप प्रयोग झाले, सगळीकडे सारखा फरक दिसला नाही आणि दिसला तिथेही तो थोडाच, त्यामुळे हे औषध समजू नकोस. पण मला त्यातली ती ‘दोन्ही’ची गोष्ट फार पटते, कारण तुझी तिसरी नोट नेमकी तीच आहे. डबी आणि राग.

फक्त भावना लिहित राहिलं की काय होतं ते सांगायला आपल्याकडे छान शब्द आहे, रवंथ. म्हैस तेच गवत परत वर आणते आणि परत चावते. म्हशीचं त्याने पोट तरी भरतं, आपलं तेही नाही. तुझ्या चारशे नोट्समध्ये तुला जो कंटाळा आला तो स्वतःचा नव्हे गं, रवंथाचा आला.

त्याच पेनेबेकरांचा पुढचा एक अभ्यास आहे, २००३ चा, तो तुला कथेसाठी फार कामाचा आहे. त्यांनी आणि शेरलॉक कॅम्पबेल यांनी जुन्या प्रयोगांतली लिखाणं कॉम्प्युटरवर तपासली तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिखाणात एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे जाताना सर्वनामं बदलत होती, म्हणजे कधी मी जास्त तर कधी तो, ती, आम्ही जास्त, त्यांच्या तब्येतीत सुधारणा जास्त दिसली. आता यातून सर्वनाम बदला आणि बरे व्हा असं मी म्हणणार नाही, ते उलटंही असेल, बरं वाटायला लागल्यावर माणसाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरायला जमत असेल. पण कथा लिहिणाऱ्या बाईला यापेक्षा चांगली टीप कोणी देणार नाही. कथा म्हणजे तरी काय, ‘मी’ सोडून ‘तो’ म्हणायला जमणं.

तर डबी दादाला देऊन बघू. आता मी फक्त खेळ म्हणून लिहितेय, तुझ्या दादाला मी ओळखत नाही, हे खरं नाहीये:

‘रविवारी दुपारी त्याने खिडकीची कडी काढली. चार स्क्रू निघाले, ते कुठे ठेवायचे म्हणून कपाटात हात घातला तर डबी हाताला लागली. उघडली. आत चष्मा नव्हता, चष्मा तर त्यांच्यासोबतच गेला होता, पण पुसायचं पिवळं फडकं होतं, चौकोनी घडी घातलेलं. त्याने स्क्रू ओतले. मग परत काढले. फडकं उचललं, वास घेतला, काहीच वास नव्हता, ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मग स्क्रू ओतले. बहीण यायच्या आत कडी बसवायची होती, दार वाजलं की ती दचकते.’

बघितलंस? तुझा राग तसाच आहे, मी त्याला हात लावला नाही. बहीण येईल, डबी बघेल, तिच्या घशाखाली घास उतरणार नाही. पण आता वाचणाऱ्याला एक गोष्ट माहितीये जी बहिणीला माहिती नाही, आणि तिथून कथा चालायला लागते. तक्रारीत एकच माणूस बरोबर असतो. इथे दोघं बरोबर आहेत आणि तरीही जेवणाच्या ताटावर कोणी बोलत नाहीये. आणि ती वहिनी! तू एका ओळीत लिहून गेलीस ‘मला आवडतं म्हणून’. वांगं भाजलं असेल तिने गॅसवर, सोललं असेल, बोटं पोळली असतील, आणि नणंद दोन घास खाऊन उठली. तिच्या रात्रीच्या नोटमध्ये काय असेल गं? मला तर ती कथासुद्धा वाचायला आवडेल.

नोट्स वाचायला बसलीस तेव्हा एक चूक केलीस, सगळ्या एकदम वाचल्यास. चारशे रात्रींचं दुःख एका बैठकीत वाचून कोणाचं भलं होणार आहे. फोनमध्ये आहेत ना, मग सर्च कर. ‘वाटलं’ सर्च केलंस तर चारशेच्या चारशे वर येतील. त्याऐवजी ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ सर्च कर, तिथे माणसं बोलताना सापडतील. ‘डबा’, ‘चप्पल’, ‘दार’, ‘चहा’, ‘रिक्षा’ सर्च कर. ज्या नोट्स वर येतील त्यातली फक्त एक घे, आठवड्याला एक, आणि ती नोट ज्या दिवसाची आहे त्या दिवसाचं आठवेल तेवढं एका वेगळ्या वहीत लिही. पेनाने लिही असं माझं म्हणणं, फोनवर बोटं फार भरभर पळतात आणि ऑटोकरेक्ट मध्ये मध्ये स्वतःचं साहित्य घालतं. ही दुसरी वही कथेची. नोट्स आणि ही वही एक करू नकोस, हे मी जरा दटावूनच सांगतेय, कारण एकदा का रात्री लिहिताना ‘हे कथेत घेता येईल’ असं डोक्यात आलं की माणूस खोटं लिहायला लागतो, रडतानासुद्धा वाक्य नीट करत बसतो. मी केलंय हे. माझ्या १९९८ च्या वहीत मी इतकी सुंदर रडलेय की त्यातली एकही ओळ आजवर कामाला आली नाही.

दुसरं असं की कळव्याचं नुसतं नाव सोडलं तर तुझ्या तिन्ही नोट्समध्ये जागा नाहीये. तू ऐरोलीची, खाडीच्या काठावरची बाई, रोज ऑफिसला जातेस. ऐरोलीहून गाडीत बसलीस तर रबाळे आणि मग घणसोली, उतरून शेअर रिक्षा, असाच काहीतरी तुझा रस्ता असणार ना? पाच-सात मिनिटांचा प्रवास आहे, तेवढ्यात नोट लिहून होत नाही हे मला माहितीये, पण एक गोष्ट बघून होते. ओहोटीला खाडीचा वास कसा येतो, ऐरोलीच्या पुलावरून थंडीत ते गुलाबी पक्षी दिसले की बसमधले सगळे एका बाजूला कसे वाकतात, रिक्षात चौथी सीट ड्रायव्हरच्या बाजूला कोणी बसायचं यावरून सकाळी काय काय नजरानजर होते. आणि कळव्याला जायचं तर ठाण्याला गाडी बदलताना ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवरून जिना चढून त्या ब्रिजवर, तिथे गर्दीत तुझ्या मनात काय चालू असतं, माहेरी जाताना वेगळं आणि येताना वेगळं असणार. बाबा होते तेव्हा ते स्टेशनवर घ्यायला यायचे का? मला माहिती नाही, मी विचारतेय. पण हे मला विचारावं लागतंय, याचा अर्थ ते नोटमध्ये नाही.

आता दादा-वहिनीचा प्रश्न. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न आहे, त्याला उगाच शूरपणाचं उत्तर मी देणार नाही, लेखकाने निर्भय असावं वगैरे. मी एकदा माझ्या जावेचं एक वाक्य जसंच्या तसं कथेत घातलं होतं. नाव बदललं, गाव बदललं, तिला शिक्षिकेची नर्स केली, मला वाटलं झालं काम. अंक छापून आला, कोणीतरी चहाटळपणे तिला नेऊन दाखवला. दोन गणपती ती माझ्याशी बोलली नाही, मोदकाचं सारण दोघींनी एकाच ओट्यावर केलं, पाठ फिरवून. तिसऱ्या वर्षी म्हणाली, तू लिहिलंस त्याचं काही नाही, पण मी ते का बोलले होते ते तुला माहिती होतं, ते नाही लिहिलंस. मला तेव्हा तोंड वर करून बघवलं नाही.

तर नाव-गाव बदलणं हा नुसता बुरखा झाला, घरातली माणसं चालीवरूनसुद्धा ओळखतात. बदलायचं असेल तर त्या माणसाला काय हवंय ते बदल. खऱ्या दादाला काय हवं होतं ते सोड, कथेतल्या भावाला वेगळं काहीतरी हवं असू दे, त्याला ते घर विकायचं असेल, किंवा वडिलांसारखं दिसायला लागल्याची त्याला भीती वाटत असेल. हवं ते बदललं की माणूस आपोआप दुसरा होतो, बोलायलाही वेगळा लागतो. आणि माझी एक साधी चाचणी आहे, भावाच्या तोंडी एक वाक्य असं लिही की ज्यावर बहिणीला उत्तर सुचणार नाही. ते लिहिता आलं तर कथा पाठवायला हरकत नाही. नाहीच जमलं, प्रत्येक भांडण तूच जिंकत असशील, तर अजून राग ओला आहे, राहू दे थोडे महिने. घाई कोणाला आहे.

नोट्सचं मात्र आज रात्रीच बघ. लॉक लाव. आणि त्याहून महत्त्वाचं, तुझं अकाउंट मुलाच्या टॅबवर किंवा घरातल्या जुन्या फोनवर चालू नाहीये ना, कारण नोट्स तिकडेही आपोआप उघडतात, आपण इकडे लॉक लावून निवांत आणि तिकडे पोरगं गेम शोधता शोधता ‘आज परत दादाचा राग आला’ वाचतंय. एवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर ज्या नोट्स फक्त ओकून टाकलेल्या आहेत, ज्यात ना वस्तू ना वाक्य, त्या डिलीट कर. खरंच. त्यांचं काम त्या रात्रीच झालं. सगळं जपून ठेवलं पाहिजे असा काही नियम नाहीये.

एक गोष्ट मला तुझ्या दुसऱ्या नोटमुळे विचारायचीच आहे. ‘दिवसभर उदास, का ते कळत नाही.’ असे दिवस किती येतात? अधूनमधून असतील तर ठीक, वडील जाऊन दोनच वर्षं झालीत. पण सलग दोन आठवडे असंच चाललंय, झोप नाही, भूक नाही, मुलाशी खेळायला नको वाटतं, किंवा जगणंच नको वाटतं, असं असेल तर वही बाजूला ठेव आणि माणसाशी बोल. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागते आणि मराठीत बोलतात. मी जन्माची ठाणेकर, ‘तुला आता ठाण्याला भरती करायला हवं’ हा जोक मी शाळेपासून ऐकलाय, इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि जोकही तेवढाच जुना असावा. त्या जोकपायी लोक वेळेवर डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून मला त्याचं हसू येत नाही. लिहिण्याने मन मोकळं होतं, पण वही उलट विचारत नाही की जेवलीस का.

क्लासचं म्हणशील तर आत्ता नको. क्लास वाईट असतात असं नाही, पण क्लासला गेलीस की ते पहिल्या दिवशी कथेची सुरुवात-मध्य-शेवट शिकवतील आणि तुझी अडचण ती नाहीये. त्या पैशात वाचनालय लाव. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तू कळव्याला जाताना ठाण्याला उतरतेसच, जरा वाट वाकडी कर. जुने दिवाळी अंक मिळतील तेवढे घे आणि फक्त कथांची पहिली पानं वाच. पहिल्या पानावर भावनेचं नाव किती वेळा येतं आणि वस्तू किती वेळा येते ते मोज, पेन्सिलने खुणा मात्र करू नकोस, ग्रंथपाल ओरडतील. आपल्याकडे १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी तुझ्यासारख्या कितीतरी जणी घरातलं आवरून रात्री कथा लिहितायत, तू काही जगावेगळी नाहीस, हे मी धीर द्यायला सांगतेय. पाठवायचीच असेल तर अंकांचं साहित्य साधारण उन्हाळ्यात नाहीतर पाऊस लागता लागता मागवलं जातं, गणपतीत पाठवलंस तर उशीर झालेला असतो.

मैत्रिणीशी अबोला धरला नाहीस ना? तिला पुढची कथा पण दे. जी बाई ठाणे लोकलच्या गर्दीत उभ्याने दोन कथा पूर्ण वाचते आणि तोंडावर खरं सांगते ती सोडायची नसते.

आणि पुढच्या रविवारी कळव्याला गेलीस तर एक काम कर. त्या डबीत पुसायचं फडकं होतं का, आणि होतं तर ते आता कुठे आहे, हे विचार. वहिनीला नको, दादालाच विचार. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेव, आणि मला पण कळव, माझा जीव त्या फडक्यात अडकलाय.